रोजचा खंदक : रोमन सैन्याचे मुक्काम आणि दक्षिण ब्रिटनची मोहीम

गेल्या अंकात या सदरात कल्याण आणि सोपारा या आपल्या जुन्या बंदरांतून इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्याशी चालणाऱ्या व्यापाराविषयी लिहिले होते. त्यात ओघाने एक वाक्य आले होते : भूमध्य समुद्राकडचा माल आपल्या किनाऱ्यावर उतरत होता, त्याच काळात साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनमध्ये, रोमन सैन्य रोज संध्याकाळी नवा खंदक खणून मुक्काम करत होते. त्या वाक्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी निवृत्त भूमापक आहे. दिवसभर ओझे घेऊन चाललेल्या माणसांनी संध्याकाळी हजारो फूट लांबीचा खंदक खणायचा आणि सकाळी तो सोडून पुढे जायचे, ही गोष्ट मला अतिशयोक्त वाटते. याचा हिशेब बसतो का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती हिशेबानेच सुटते. छावणी आखण्याविषयी लिहिलेला एक छोटा लॅटिन ग्रंथ उपलब्ध आहे. तो हायजीनस या भूमापकाच्या नावावर चालत आला असला तरी त्याचा लेखक तोच होता असे आज मानले जात नाही. त्यात मुक्कामाच्या खंदकाची किमान मापे पाच फूट रुंदी आणि तीन फूट खोली अशी दिली आहेत आणि आतल्या बांधाची मापे आठ फूट रुंदी व सहा फूट उंची अशी आहेत. रोमन फूट आपल्या फुटापेक्षा किंचित लहान, सुमारे २९.६ सेंटीमीटरचा होता. हा खंदक तळाशी निमुळता, इंग्रजी व्ही अक्षरासारखा असे. म्हणजे त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ पाच गुणिले तीन भागिले दोन, साडेसात चौरस फूट. आता प्रत्येक बाजू दोन हजार फुटांची, म्हणजे साधारण ठाणे स्टेशनाहून तलावपाळीपर्यंत चालत जावे इतकी, असा चौकोन धरू. परिघ आठ हजार फूट होईल आणि एकूण खोदाई साठ हजार घनफूट. आपल्याकडच्या मातीकामाच्या भाषेत (एक ब्रास म्हणजे आपले शंभर घनफूट; रोमन फूट लहान म्हणून सहाशेऐवजी) ही सुमारे साडेपाचशे ब्रास माती झाली. इतका मोठा तळ दोन लीजन (लीजन म्हणजे सुमारे पाच हजारांचे रोमन पायदळ) आणि त्यांच्या साहाय्यक सैन्यासाठी लागत असे, म्हणजे पंधरा-वीस हजार माणसांसाठी. त्यांतल्या फक्त तीन हजारांच्या हाती कुदळ दिली, तरी एकेकाच्या वाट्याला वीस घनफुटांहून अधिक माती येत नाही. मऊ जमिनीत सराव झालेल्या माणसाचे हे दोन-तीन तासांचे काम आहे.

काम वाटून देण्याची पद्धतही ठरलेली होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, चार बाजूंपैकी दोन बाजू मित्रराष्ट्रांच्या फौजांकडे आणि उरलेल्या दोन बाजू दोन लीजनकडे असत आणि कामावर अधिकाऱ्यांची देखरेख असे. पुढे पहिल्या शतकात जोसेफस हा ज्यू इतिहासकार सांगतो की, प्रत्येक पायदळ सैनिकाच्या सामानात करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा असे. इतके सामान पाहून तो त्यांची तुलना ओझे वाहणाऱ्या खेचरांशी करतो. खंदकातून निघालेली माती आतल्या बाजूला रचून तिचा बांध करत. जमिनीवर हिरवळ असेल तर तिचे मुळासकट चौकोनी ढेकळे कापून ते विटांसारखे रचत, त्यामुळे बांध ढासळत नसे. त्यावर दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्ये हाताच्या पकडीसाठी बारीक केलेले लाकडी मेढे रोवत. अशा मेढ्यांचे लाकूड जर्मनीतल्या रोमन तळांवर दलदलीत टिकून राहिलेले सापडले आहे. आपल्या बखरींतला ‘मेढेकोट’ हा शब्द या रचनेला नेमका लागू पडतो.

भूमापक म्हणून आपल्याला यापुढचा भाग अधिक आवडेल असे वाटते. सैन्य मुक्कामाच्या जवळ आले की एक ट्रिब्यून, म्हणजे लीजनमधला वरिष्ठ अधिकारी, आणि काही सेंच्युरियन, म्हणजे तुकडीप्रमुख, पुढे जाऊन जागा पाहत आणि सेनापतीचा तंबू जेथे उभा राहायचा तेथे पांढरे निशाण रोवत. शिंद्यांच्या लष्करात बिनीवाले हेच काम करत आणि महाराजांच्या डेऱ्याची जागा त्यांनीही पांढऱ्या निशाणानेच दाखवल्याचे वर्णन मिळते. दोन हजार वर्षांच्या आणि निम्म्या पृथ्वीच्या अंतरावर एकच गरज एकच खूण शोधते, याचे मला फार अप्रूप वाटते. त्या निशाणापासून पुढे सगळी आखणी ग्रोमा या साधनाने होई. एका खांबावर आडवा फिरणारा क्रूस आणि त्याच्या चारही टोकांना ओळंबे, एवढेच ते साधन होते, पण त्याने काटकोन अचूक साधत. दोन मुख्य रस्ते, चार बाजूंना चार दरवाजे, आठ माणसांमागे चामड्याचा एक तंबू, आणि तंबूंची रांग व बांध यांच्यामध्ये मोकळा पट्टा. पॉलिबियसच्या काळात हा पट्टा दोनशे फुटांचा असे, म्हणजे बाहेरून फेकलेला जळता भाला सहसा तंबूपर्यंत पोहोचत नसे. आराखडा कधीच बदलत नसल्यामुळे, आपल्या गावात शिरलेल्या माणसाला जसे आपले घर शोधावे लागत नाही, तसा प्रत्येक सैनिक थेट आपल्या जागी जात असे, असे पॉलिबियस म्हणतो. ग्रीक सैन्य डोंगर, ओढा पाहून त्यांच्या आश्रयाने तळ टाकी आणि खोदकामाचे कष्ट टाळी. रोमन सैन्य ते कष्ट स्वीकारून कोणत्याही जमिनीवर आपला एकच ओळखीचा चौकोन उतरवी. पॉलिबियस स्वतः ग्रीक होता, तरी त्याने हा फरक लपवलेला नाही.

खोदाई चालू असताना शत्रू आला तर काय, असे आपण पत्रात शेवटी विचारले आहे. तसे ब्रिटनमध्येच घडले. इ.स.पूर्व ५४ मध्ये सीझरची माणसे तळाच्या तटबंदीत गुंतली असताना ब्रिटन लोक जंगलातून अचानक बाहेर पडले आणि तळापुढच्या पहाऱ्यावर तुटून पडले. त्या दिवशी क्विंटस लाबेरियस ड्युरस हा ट्रिब्यून मारला गेला, असे सीझरने स्वतःच नोंदवले आहे. शत्रू जवळ असेल तेव्हा सैन्याचा एक भाग आणि घोडदळ शस्त्रे घेऊन उभे राहत आणि बाकीचे खणत, ही सावधगिरी अशाच अनुभवांतून आली. सम्राट क्लॉडियसच्या काळात जर्मनीत सेनापती असलेला कॉर्ब्युलो म्हणत असे की शत्रूला कुदळीने जिंकायचे असते. त्याने तलवार न लावता खणणाऱ्या एका सैनिकाला मृत्युदंड दिल्याची कथा रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो; मात्र ती वाढवून सांगितलेली असावी, असेही तोच सुचवतो.

माझे स्वतःचे मत असे आहे की तीन फुटांचा खंदक हा अडथळा म्हणून फार मोठा नव्हता आणि रोमनांनाही ते ठाऊक होते. त्याने रात्रीचा हल्ला काही क्षण रखडे, पहारेकऱ्याला ओरडायला वेळ मिळे आणि आत हजारो माणसे निवांत झोपू शकत. परमुलखात दिवसामागून दिवस पुढे सरकणाऱ्या सैन्यासाठी ही झोप फार मोलाची होती. लढाई हरली तरी मागे एक बांधलेली जागा आहे, हा विश्वास त्याहून मोलाचा होता.

प्रश्न : मुक्कामाचा तळ आणि रोमन किल्ला यांत फरक काय? पुस्तकात दोन्हींना ‘कास्त्रा’ म्हटले आहे. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नेरूळ)

उत्तर : लॅटिनमध्ये शब्द एकच आहे, म्हणून गोंधळ होतो. मुक्कामाचा तळ एका रात्रीचा किंवा काही दिवसांचा, आत तंबू आणि भोवती उथळ खंदक. हिवाळी तळ आणि कायमचे किल्ले अनेक वर्षांचे. त्यांत आधी लाकडी आणि पुढे दगडी इमारती, धान्याची कोठारे, रुग्णालय, कार्यशाळा. आकार मात्र दोन्हींचा सारखाच, गोल कोपऱ्यांच्या पत्त्यासारखा. इंग्लंडमधल्या चिचेस्टर, विंचेस्टर, डॉर्चेस्टर या गावांच्या नावांतला ‘चेस्टर’ याच ‘कास्त्रा’पासून आला आहे, पण तो चिकटला आहे तो तटबंदीच्या कायम वस्त्यांना, एका रात्रीच्या तळाचे नाव कोणी ठेवले नाही.

प्रश्न : दक्षिण ब्रिटन रोमनांनी इतक्या लवकर कसा जिंकला? त्या मोहिमेतले मुक्कामाचे तळ आज पाहता येतात का? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : सुरुवात सीझरपासून करावी लागते. इ.स.पूर्व ५५ मध्ये तो दोन लीजन घेऊन आला आणि वादळात जहाजे मोडल्याने लवकर परतला. दुसऱ्या वर्षी पाच लीजन, दोन हजार घोडेस्वार आणि आठशेहून अधिक जहाजे घेऊन तो आला, तेव्हाही वादळाने जहाजांचे मोठे नुकसान केले. मग त्याने सगळी जहाजे किनाऱ्यावर ओढून ती आणि तळ एकाच तटबंदीत घ्यायचे ठरवले. या कामाला सुमारे दहा दिवस लागले आणि रात्रीही काम थांबले नाही, असे तो लिहितो. केंट परगण्यात पेगवेल उपसागराजवळ एब्सफ्लीट येथे लेस्टर विद्यापीठाच्या उत्खननात चार-पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खंदक सापडला. तो याच तळाचा असावा, असा निष्कर्ष २०१७ साली जाहीर झाला. सीझरने थेम्स नदी ओलांडून ब्रिटनांचा नेता कॅसिव्हेलॉनस याला नमवले, खंडणी आणि ओलीस ठरवले, पण मागे एकही सैनिक ठेवला नाही. पुढची जवळजवळ शंभर वर्षे ब्रिटन स्वतंत्रच राहिला.

इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसने ऑलस प्लॉशियस या सेनापतीला पाठवले. दुसरी ऑगस्टा, नववी हिस्पाना, चौदावी जेमिना आणि विसावी अशा चार लीजन त्याच्याबरोबर मोजल्या जातात. प्रत्येक लीजनचे सुमारे पाच हजार आणि साहाय्यक सैन्य धरून एकंदर चाळीसएक हजार माणसे होतात. गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, किनाऱ्यावर हे सैन्य अडून बसले, कारण समुद्रापलीकडचा ब्रिटन त्यांना माणसाच्या जगाबाहेरचा वाटत होता. क्लॉडियसने आपला मुक्त केलेला गुलाम नार्सिसस याला समजूत काढायला पाठवले आणि तो सेनापतीच्या चौथऱ्यावर चढताच सैनिकांनी ‘इओ सॅटर्नेलिया’ अशी आरोळी ठोकली. सॅटर्नेलियाच्या सणात गुलाम धन्याची वस्त्रे घालत, त्याचा हा टोमणा होता. त्यानंतर ते निघाले. उतरताना विरोध झाला नाही. कॅसियस डिओ या इतिहासकाराने दोन दिवस चाललेल्या एका नदीकाठच्या लढाईचे वर्णन केले आहे. ती नदी मेडवे होती असे बहुतेक अभ्यासक मानतात. शस्त्रांसह पोहण्यात तरबेज असलेल्या साहाय्यक सैनिकांनी नदी पार करून ब्रिटनांच्या रथांचे घोडे जायबंदी केले आणि तेथून पारडे फिरले. थेम्स ओलांडल्यावर प्लॉशियस थांबला, सम्राटाला बोलावणे गेले, आणि क्लॉडियसने स्वतः येऊन कॅम्युलोड्युनम, म्हणजे आजचे कॉलचेस्टर, घेतले. तो ब्रिटनमध्ये सोळाच दिवस होता.

दक्षिणेचे खरे काम त्यानंतर झाले आणि ते दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा प्रमुख व्हेस्पेशियन, म्हणजे पुढचा सम्राट, याच्याकडे होते. सम्राटांची चरित्रे लिहिणारा स्युटोनियस सांगतो की व्हेस्पेशियनने शत्रूशी तीस वेळा लढाई दिली, दोन बलाढ्य जमाती, वीसहून अधिक तटबंद वस्त्या आणि व्हेक्टिस, म्हणजे वाइट बेट, ताब्यात घेतले. डॉर्सेटमधल्या हॉड हिल या डोंगरी किल्ल्यावर पुरावा अगदी समोर दिसतो : जुन्या ब्रिटन तटबंदीच्या वायव्य कोपऱ्यात रोमनांनी आपला काटकोनी किल्ला बसवला आहे आणि त्यासाठी दोन बाजूंना जुनाच तट वापरला आहे. तेथे उत्खननात यंत्रधनुष्याचे लोखंडी बाणही सापडले. इ.स. ५५ च्या सुमारास हीच लीजन डेव्हनमधल्या एक्सेटर येथे कायम किल्ला बांधून बसली होती. म्हणजे बारा वर्षांत केंटच्या किनाऱ्यापासून डेव्हनपर्यंत मजल गेली होती.

आता तळांविषयी. आपल्याला आश्चर्य वाटेल, पण ब्रिटनमधले मुक्कामाचे बहुतेक ज्ञात तळ वेल्स, उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंड येथे आहेत. दक्षिण इंग्लंडात ते फार थोडे आहेत. ज्या भागात चाळीस हजारांची फौज फिरली, त्याच भागात तिच्या रात्री जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. मला याची तीन कारणे दिसतात. पहिले आणि सर्वांत मोठे कारण नांगर : दक्षिणेची सुपीक जमीन रोमनांच्या आधीपासून आजपर्यंत सतत कसली जात आहे, उलट उत्तरेकडच्या माळरानावर मेंढ्यांशिवाय कोणी फिरकले नाही. दुसरे, दक्षिणेतल्या सगळ्याच राजांनी लढाई केली नाही. क्लॉडियसच्या रोममधल्या विजयकमानीवर अकरा राजांच्या शरणागतीचा उल्लेख आहे, आणि चिचेस्टरच्या परिसरात कोगिडुब्नस हा रोमचा मित्र राजा राज्य करत राहिला. मित्राच्या मुलखात सैन्याला मुक्काम सोयीचा मिळतो. तिसरे, येथे मोहीम लवकर संपली आणि सैन्य कायम किल्ल्यांत स्थिरावले, तर उत्तरेकडे पिढ्यान् पिढ्या नव्या मोहिमा निघत राहिल्या आणि प्रत्येकीने आपले चौकोन मागे ठेवले. म्हणून तळ जास्त तेथे लढाई जास्त, असा नकाशावरून सरळ अर्थ काढू नये. आपल्यासारख्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

पाहायचेच असेल तर केंटमधले रिचबरो पाहावे. क्लॉडियसच्या सैन्याने किनाऱ्यावर उतरल्यावर खणलेले दोन समांतर खंदक तेथे आहेत आणि त्यांची सुमारे ६४० मीटर लांबी शोधली गेली आहे. सैन्य येथे उतरले की चिचेस्टरजवळ, हा वाद जुना आहे. मला स्वतःला या खंदकांमुळे रिचबरोची बाजू वजनदार वाटते. रिचबरो तेव्हा खाडीच्या तोंडाशी होते. ती खाडी गाळाने भरली आणि आज समुद्र काही किलोमीटर दूर गेला आहे. सोपाऱ्याचे बंदर गाळाने कसे मिटले हे गेल्या अंकात वाचलेल्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल.

प्रश्न : मेडन कॅसलच्या ‘युद्धस्मशाना’विषयी वाचले. ते उत्खनन करणारे व्हीलर आणि भारतात काम केलेले व्हीलर एकच का? (ऐरोली)

उत्तर : होय, एकच. मॉर्टिमर व्हीलर यांनी डॉर्सेटमधल्या मेडन कॅसल या प्रचंड डोंगरी किल्ल्यावर १९३४ ते १९३७ या काळात उत्खनन केले आणि १९४४ ते १९४८ या काळात ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे १९४५ साली त्यांनीच रोमन भांड्यांच्या आधारे तेथील थरांचा काळ ठरवला.

मेडन कॅसलच्या पूर्व दरवाजाशी त्यांना अनेक दफने मिळाली. काही सांगाड्यांच्या कवट्यांवर तलवारीचे घाव होते आणि एकाच्या पाठीच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेले होते. व्हीलर यांनी यातून व्हेस्पेशियनच्या हल्ल्याचे इतके जिवंत वर्णन लिहिले की तीन पिढ्यांनी ते इतिहास म्हणून वाचले. परंतु पुढच्या संशोधनाने ते चित्र टिकलेले नाही. सांगाड्यांच्या अलीकडच्या रेडिओकार्बन कालमापनावरून ही माणसे एकाच दिवशी मेलेली नसून त्यांचे मृत्यू अनेक दशकांत विखुरलेले आहेत, आणि त्यांतले बरेच रोमन आक्रमणाच्या आधीचे आहेत, असे दिसते. म्हणजे त्या हिंसेचा मोठा भाग ब्रिटनांच्या आपसांतल्या संघर्षाचा होता. व्हीलर यांनी मातीचे थर वाचण्याची जी शिस्त घालून दिली, तिचा मी आदर करतो. पण स्युटोनियसच्या एका वाक्याला जुळेल असा पुरावा समोर आला तेव्हा त्यांनी तो फार लवकर जुळवला, असे म्हणणे भाग आहे.

प्रश्न : बेलापूरच्या किल्ल्याचे दगडी बांधकामही आमच्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे. मग एका रात्रीसाठी केलेले मातीचे काम दोन हजार वर्षांनी कसे सापडते? सकाळी निघताना सैन्य ते बुजवत नसे का? (बेलापूर गाव, नवी मुंबई)

उत्तर : सकाळचा क्रम जोसेफसने दिला आहे. पहिल्या तुतारीला तंबू उतरवायचे. दुसऱ्या तुतारीला सामान खेचरांवर लादायचे आणि तळाला आग लावायची, कारण आपण दुसरा तळ सहज उभारू शकतो, पण हा शत्रूच्या कामी येता कामा नये. तिसऱ्या तुतारीला रांगेत उभे राहायचे. मग सेनापतीच्या उजव्या हाताचा निवेदक तीन वेळा विचारी की युद्धाला सिद्ध आहात का, आणि तिन्ही वेळा सैनिक हात उंचावून मोठ्याने होकार देत. काही ठिकाणी बांधाची माती खंदकात ढकललेलीही दिसते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या भरलेल्या मातीतच आहे. दगड माणसे उचलून नेतात. खड्डा कोणी उचलून नेऊ शकत नाही. एकदा खणलेली आणि पुन्हा भरलेली जमीन शेजारच्या न खणलेल्या जमिनीसारखी कधीच होत नाही. तेथील माती भुसभुशीत राहते आणि ओल जास्त काळ धरते. कडक उन्हाळ्यात आजूबाजूचे पीक पिवळे पडले तरी खंदकावरचे पीक हिरवे आणि उंच राहते, आणि ती रेघ जमिनीवरून दिसली नाही तरी विमानातून स्पष्ट दिसते. ब्रिटनमध्ये १९७६ आणि २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यांत अशा अनेक खुणा उमटल्या. केंब्रिजचे जे. के. सेंट जोसेफ यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक वर्षे विमानातून छायाचित्रे घेऊन कितीतरी तळ शोधले.

शेताच्या बांधाची रेघ आणि रोमन खंदकाची रेघ यांतला फरक ओळखण्याची खूण दरवाजापाशी असते. मुक्कामाच्या तळाला दाराच्या फळ्या नसत. खंदकात मोकळी फट ठेवत आणि तिच्यापुढे काही अंतरावर एक सुटा, आखूड खंदक व बांध घालत, म्हणजे धावत येणाऱ्याला सरळ आत शिरता येत नसे. काही तळांवर त्याऐवजी बांधाचे टोकच आत वळवलेले असते, त्यामुळे शिरणाऱ्याला वळावे लागे आणि ढाल नसलेली त्याची उजवी बाजू आतल्या माणसांसमोर येई. आपल्या किल्ल्यांच्या गोमुखी दरवाजामागे हाच विचार आहे. उत्तर इंग्लंडात स्टेनमूर खिंडीतल्या रे क्रॉस येथे असे सुटे बांध आजही दरवाजांपुढे उभे दिसतात. दक्षिणेच्या नांगरलेल्या शेतात मात्र एवढेच हाती लागते : गव्हात उमटलेला एक गोल कोपरा, तेथून सरळ जाणारी हिरवी रेघ, मध्येच एक फट, आणि त्या फटीसमोर वीसएक पावलांवर एक तुटकी हिरवी रेघ.